काचपेटीतला समुद्र, नाथसागरावरचा वारा

एकाच मापाचे दोन काचेचे पेले घ्या. दोन्हींत खोलीच्या तापमानाचं पाणी भरा. एका पेल्यात दोन चमचे मीठ टाकून पूर्ण विरघळवा आणि पाणी संथ होऊ द्या. आता दोन्हींत एकाच साच्यातला बर्फाचा एकेक खडा सोडायचा आहे. सोडण्याआधी मात्र वहीत एक वाक्य लिहा: कुठल्या पेल्यातला बर्फ आधी वितळेल, आणि का?

वर्गात हा प्रश्न टाकला की बहुतेक हात मिठाच्या पाण्याच्या बाजूने वर जातात. त्यामागे विचारही असतो. आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर खडेमीठ टाकलेलं मुलांनी पाहिलेलं असतं, मिठाने बर्फ वितळतो हे त्यांना ठाऊक असतं. मग बर्फ पाण्यात पडतो आणि थोड्याच वेळात वर्गात कुजबुज सुरू होते. साध्या पाण्यातला खडा संपत आलेला असतो आणि मिठाच्या पाण्यातला अजून चांगला तरंगत असतो.

कारण दिसावं म्हणून दोन्ही खड्यांवर खाण्याच्या रंगाचा एकेक थेंब सोडा. साध्या पाण्यात रंगाची बारीक धार सरळ तळाकडे जाते. बर्फाचं वितळलेलं पाणी थंड, म्हणून जड; ते खाली जातं, त्याच्या जागी कोमट पाणी वर येतं आणि बर्फाला सतत नवी ऊब मिळत राहते. मिठाच्या पाण्यात हे घडत नाही. वितळलेलं पाणी थंड असलं तरी गोडं असतं आणि गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं. रंग वरच पसरून राहतो. बर्फाभोवती त्याच्याच थंड पाण्याचा थर साचतो आणि खालची ऊब त्याच्यापर्यंत पोचत नाही. एका पेल्यात अभिसरण चालू आहे, दुसऱ्यात ते थांबलं आहे.

या दुसऱ्या पेल्यात जे दिसतं, तेच बंगालच्या उपसागरात घडतं. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा या नद्या आणि वरून पडणारा पाऊस मिळून उपसागराच्या माथ्यावर गोड्या पाण्याचा एक पातळ थर अंथरतात. अरबी समुद्रात एक किलो पाण्यात साधारण ३६ ग्रॅम क्षार असतात. उपसागराच्या उत्तर टोकाला पावसाळ्यानंतर हा आकडा ३० च्याही खाली जातो. वरचा थर इतका हलका की वारा सुटला तरी खालचं थंड पाणी सहजी वर येत नाही. पृष्ठभाग उबदार राहतो, आणि त्या उबेवर ढग व चक्रीवादळं पोसली जातात. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शेणॉय, शंकर आणि सतीश शेट्ये यांनी २००२ मध्ये दोन्ही समुद्रांच्या उष्णतेचा ताळेबंद मांडला. पावसाळ्यात अरबी समुद्राच्या पृष्ठभागाची ऊब जोराचे वारे आणि खालून वर येणारं पाणी हिरावून नेतात. उपसागराची ऊब गोड्या थरामुळे वरच टिकते, असं त्यात दिसतं. मराठवाड्यावर जो पाऊस पडतो, त्यातला बराचसा उपसागरात जन्मलेल्या कमी दाबाच्या क्षेत्रांच्या कृपेने. म्हणजे मिठाच्या पेल्यातला तो रंगीत थर पैठणच्या शेतकऱ्याला परका नाही.

पैठणपासून समुद्र अडीचशे किलोमीटरहून जास्त लांब आहे. इथल्या शाळेतल्या अनेक मुलांनी तो पाहिलेला नसतो. भूगोलाच्या पुस्तकात सागरजल, प्रवाह, लाटा, भरती-ओहोटी ही प्रकरणं येतात. नकाशावर लाल आणि निळे बाण काढले जातात, उष्ण आणि शीत प्रवाहांची नावं पाठ होतात. पाणी वाहतं का, ते मात्र हाताला लागत नाही. माझं म्हणणं असं की समुद्राचं भौतिकशास्त्र शिकायला समुद्रकिनारा लागत नाही. समुद्राचे नियम आकारावर नाहीत, प्रमाणांवर उभे आहेत: खोलीला लांबीचं काय प्रमाण, वेगाला खोलीचं काय प्रमाण, वरच्या थराच्या घनतेला खालच्या थराच्या घनतेचं काय प्रमाण. ही प्रमाणं सांभाळली की दोन फुटी काचपेटीतही समुद्र खरा वागतो. आणि पैठणला तर काचपेटीपेक्षा बरंच मोठं काही गावाच्या उशालाच आहे.

लाल बहादूर शास्त्रींनी ऑक्टोबर १९६५ मध्ये पायाभरणी केलेलं आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालेलं जायकवाडी धरण जवळपास १० किलोमीटर लांब आहे. त्याच्यामागे पसरलेला नाथसागर पूर्ण भरला की साधारण ३५० चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली असते. लांबी सुमारे ५५ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त २७. एकूण साठवण २,९०९ दशलक्ष घनमीटर. या आकड्यांचा भागाकार करा. २,९०९ दशलक्ष घनमीटर भागिले ३५० चौरस किलोमीटर म्हणजे सरासरी खोली आठ मीटर आणि थोडी वर. इतकं अफाट पाणी आणि इतकं उथळ! हा उथळपणा सिंचनाच्या दृष्टीने तोट्याचा आहे, उन्हाळ्यात बाष्पीभवनाने मोठा साठा हवेत जातो. समुद्रविज्ञान शिकवणाऱ्याला मात्र तो फार उपयोगी पडतो. ते पुढे येईल.

समुद्राशी पैठणचं नातं तसं जुनंच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक खलाशी-पुस्तिकेत भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असल्याची नोंद आहे. इथून गोमेद जातीचे दगड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जात. त्याच पुस्तिकेत भडोचच्या भरतीचं वर्णनही आहे: पाणी गर्जना करत नदीत शिरतं आणि बेसावध जहाजं उलटवतं. सातवाहनांच्या या राजधानीचा माल त्या भरतीवर तरंगून पश्चिमेला जात होता. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे.

आता काचपेटीकडे. मासे ठेवायची साधी पेटी चालते. दोन फूट लांब, वीतभर रुंद, फूटभर उंच. मधोमध बसणारी एक पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची फळी आणि फटीत दाबायला ओली माती. एका बाजूला साधं पाणी, दुसऱ्या बाजूला लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेलं निळं पाणी, दोन्हींची पातळी २० सेंटिमीटर. पुन्हा तोच नियम: आधी अंदाज लिहा. मुलं तीन उत्तरं देतात. पाणी मिसळून सगळं फिकट निळं होईल. काहीच होणार नाही. निळं खाली जाईल. फळी झटकन वर ओढली की निळं पाणी जिभेसारखं तळाशी धावतं आणि साधं पाणी त्याच वेळी वरून उलट दिशेला जातं. दोन उलटे प्रवाह, एकावर एक.

हा प्रयोग साडेतीनशे वर्षांचा आहे. १६७९ मध्ये लुइजी फर्डिनांडो मार्सिली नावाचा विशी ओलांडलेला इटालियन तरुण इस्तंबूलला गेला. बॉस्फरसच्या सामुद्रधुनीत वरचं पाणी काळ्या समुद्राकडून भूमध्याकडे वाहतं, हे सगळ्यांना दिसत होतं. खाली पाणी उलटं वाहतं, हे तिथल्या मच्छीमारांना जाळ्याच्या ओढीवरून माहीत होतं. मार्सिलीने त्यांचं ऐकलं. दोरीला पांढरे रंगवलेले बुचाचे तुकडे बांधून ती पाण्यात सोडली. वरचे तुकडे एका बाजूला कलले, खालचे उलट बाजूला. मग परत येऊन त्याने एक पेटी बनवली. मध्ये पडदा, पडद्याला वर एक आणि खाली एक भोक, एका कप्प्यात खारं पाणी, दुसऱ्यात कमी खारं. भोकं उघडताच खालून खारं आणि वरून गोडं वाहू लागलं. १६८१ मध्ये त्याने हे छापलं. समुद्राचा प्रवाह प्रयोगशाळेत आणून त्याचं कारण दाखवण्याचा हा पहिला ठळक प्रसंग. मच्छीमाराचा अनुभव, प्रत्यक्ष पाण्यावरचं मोजमाप आणि टेबलावरची पेटी हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. नाथसागरावर जाळी टाकणारे लोक पैठणमध्ये आहेत. पाण्याखालची ओढ कुठल्या महिन्यात कुठे असते, हे त्यांना विचारायला मुलांना पाठवलं, तर अर्धा धडा तिथेच होतो.

इथवर पाहून थांबलं तर ती जादू होईल. रंगीत पाणी, टाळ्या, घंटा. पुढची पायरी मोजण्याची. मोबाइलवर चित्रफीत घ्या, पेटीला मोजपट्टी चिकटवा आणि निळ्या जिभेच्या टोकाचा वेग काढा. वरच्या मापांत तो सेकंदाला १० सेंटिमीटरच्या आसपास येतो. आता मीठ चौथाई करा. वेग किती होईल? चौथाई, असं बहुतेकांना वाटतं. येतो निम्मा. कारण वेग हा घनतेतल्या फरकाच्या वर्गमुळावर ठरतो. वर्गमूळ गणिताच्या पुस्तकातून उठून पाण्यात उतरलेलं दिसलं, की आठवी-नववीतली मुलं ते विसरत नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा, आकडा लिहा. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाने खेड्यातल्या सरकारी शाळांतून हेच करून दाखवलं: मुलांनी स्वतः प्रयोग करायचा, निष्कर्षही त्यांनीच काढायचा, शिक्षकाने उत्तर सांगायची घाई करायची नाही. ही घाई आवरणं सगळ्यांत अवघड.

चित्रांवर आंधळा विश्वास ठेवण्याची सवयही इथेच मोडता येते. बाटलीला खाली-वर तीन भोकं पाडली तर सर्वांत खालच्या भोकातली धार सर्वांत लांब पडते, असं चित्र अनेक पुस्तकांत असतं. बाटली टेबलावर ठेवून, धार त्याच टेबलावर कुठे पडते ते मोजा. सर्वांत लांब जाते ती मधल्या भोकाची धार. खालच्या भोकातून पाणी जास्त वेगाने निघतं हे खरंच, पण टेबलावर पोचायला त्याला वेळच मिळत नाही. बाटली तिच्या उंचीपेक्षा उंच चौरंगावर ठेवा, मग पुस्तकातलं चित्र खरं ठरतं. दाब खोलीबरोबर वाढतो हा नियम दोन्ही वेळा तोच आहे. दर १० मीटरला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो. चार किलोमीटर खोल समुद्रतळाशी चारशेपट.

पेटीतलं पाणी आता दोन थरांत शांत झालं आहे: खाली निळं खारं, वर साधं. पेटीचं एक टोक हळूच उचलून खाली ठेवा. पृष्ठभागावरची लाट एका टोकाहून निघून परत यायला साधारण एक सेकंद घेते आणि लवकरच विरते. दोन थरांमधली सीमारेषा मात्र सावकाश हेलकावत राहते. १०-१० सेंटिमीटरचे थर असतील, तर एका हेलकाव्याला ११ सेकंद लागतात. वर पाणी स्थिर, आत डोंगर चढतोय आणि उतरतोय. मुलं पेटीच्या काचेला नाक लावून हे पाहत बसतात, त्यांना तसंच बसू द्यावं.

ऑगस्ट १८९३ मध्ये ध्रुवीय संशोधक फ्रिड्जॉफ नान्सेनचं ‘फ्राम’ हे जहाज सायबेरियाच्या उत्तरेला अशाच पाण्यात अडकलं. इंजिन पूर्ण जोरात असूनही जहाज पुढे जाईना. बर्फ वितळून झालेल्या गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर पसरला होता. नान्सेनने हे कोडं विल्हेल्म ब्यर्कनेस यांच्यापुढे मांडलं, त्यांनी ते आपला विद्यार्थी वाल्फ्रिड एकमन याच्याकडे सोपवलं. एकमनने काचेच्या हौदात फ्रामची छोटी प्रतिकृती ओढून पाहिली. साध्या पाण्यात ती सहज सरके. दोन थरांच्या पाण्यात ती आतल्या सीमेवर लाटा उठवी आणि तिची सगळी शक्ती त्या अदृश्य लाटा वाढवण्यात खर्च होई. १९०४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आपल्या पेटीतही ते होतं: कागदी नव्हे, लाकडी होडी घ्या, दोऱ्याला बांधा, दोरा पेटीच्या काठावरून सोडून टोकाला एक हलका नट लटकवा, म्हणजे ओढ नेहमी सारखी राहते. आधी साधं पाणी, मग दोन थर. वेळ मोजा. अंदमानच्या समुद्रात अशा अंतर्गत लाटांची उंची ६० मीटरच्या घरात मोजली गेली आहे. वरून दिसतात ते फक्त खळबळीचे पट्टे.

आता नाथसागराचा उथळपणा कामाला येतो. मीटरभर लांब, सपाट तळाचा ट्रे घ्या. त्यात २ सेंटिमीटर पाणी ओता, एक टोक उचलून सोडा आणि पाणी एका टोकाहून दुसऱ्याला जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजा. दहा हेलकाव्यांचा वेळ मोजून दहाने भागलं तर चूक कमी होते. साडेचार सेकंद येतील. पाणी ८ सेंटिमीटर करा, सव्वादोन सेकंद. खोली चौपट झाली, वेग दुप्पट झाला. पाण्याच्या खोलीच्या मानाने लाट लांब असेल, तर तिचा वेग फक्त खोलीवर ठरतो: गुरुत्वत्वरण गुणिले खोली, त्याचं वर्गमूळ.

एवढं एक सूत्र हातात आलं की मुलांना सरळ हिंदी महासागरात न्यावं. खोली ४,००० मीटर धरा. वेग सेकंदाला जवळजवळ २०० मीटर, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरच्या वर. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी सुमात्राजवळ भूकंप झाला आणि सुमारे अडीच तासांत त्सुनामी चेन्नईच्या किनाऱ्यावर होती. महासागर चार किलोमीटर खोल असला, तरी शेकडो किलोमीटर लांबीच्या लाटेला तो आपल्या ट्रेइतकाच उथळ. मग नाथसागरावर या. खोली आठ मीटर, वेग सेकंदाला जवळपास ९ मीटर. ५५ किलोमीटर जाऊन परत यायला साडेतीन तासांच्या आसपास. जलाशयाचा आकार वेडावाकडा आहे, खोली सगळीकडे सारखी नाही, म्हणून हा कच्चा हिशोब. पण तुलना करा. जिनिव्हाचं सरोवर ७३ किलोमीटर लांब, म्हणजे नाथसागराहून मोठं, पण सरासरी दीडशे मीटर खोल. फ्रान्स्वा-आल्फोन्स फोरेल यांनी एकोणिसाव्या शतकात तिथले हेलकावे वर्षानुवर्षं मोजले; एक हेलकावा ७३-७४ मिनिटांचा. जास्त लांबीचं पाणी कमी वेळात जाऊन येतं, कारण ते खोल आहे.

ट्रेमधले ८ सेंटिमीटर आणि नाथसागराचे ८ मीटर यांत शंभरपटींचा फरक आहे. वेगात मात्र दहापटींचाच. हाच तो नियम ज्यावर पुण्याजवळ खडकवासल्याला एक अख्खी संस्था उभी आहे. केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राची सुरुवात १९१६ मध्ये मुंबई इलाख्याच्या सिंचन खात्यातून झाली. सह्याद्रीच्या पायथ्याशी, समुद्रापासून दूर, इथल्या मोठमोठ्या आवारांत बंदरांच्या सिमेंटच्या प्रतिकृती बांधल्या जातात. त्यांत यंत्राने लाटा उठवतात, भरती-ओहोटी आणतात आणि धक्का कुठे बांधावा, गाळ कुठे साचेल, याची उत्तरं काढतात. समुद्र मापाने लहान करून अभ्यासता येतो याचा महाराष्ट्रात याहून मोठा पुरावा नाही. विद्यार्थ्यांची सहल पानशेतला जाते तशी, परवानगी काढून, इथेही जावी.

अशा प्रतिकृतीतली एक अडचण नाथसागरावरून नीट समजते. ५५ किलोमीटरचा जलाशय शंभरपट लहान केला तरी अर्ध्या किलोमीटरहून लांब होतो, आणि आणखी लहान करावा तर खोली मिलिमीटरांत जाते. इतक्या उथळ पाण्यात पृष्ठताणाचं राज्य सुरू होतं, १.७ सेंटिमीटरपेक्षा आखूड लाटांना गुरुत्व कमी आणि पृष्ठताण जास्त चालवतो, आणि समुद्राच्या मोठ्या लाटांशी त्यांचं काही जमत नाही. म्हणून अभियंते लांबी-रुंदी जास्त आणि खोली कमी पटीने लहान करतात. उदाहरणादाखल लांबी ४०० पट आणि खोली १०० पट लहान केली, तर काळ ४० पट आक्रसतो: १२ तास २५ मिनिटांची भरती-ओहोटी साडेअठरा मिनिटांत उरकते. हे गणित नववीचा विद्यार्थी करू शकतो. प्रतिकृती कुठे खोटं बोलेल हे आधी ओळखणं, हा मला प्रयोगशाळेतला सर्वांत महत्त्वाचा धडा वाटतो.

पेटीत न मावणारी आणखी एक गोष्ट म्हणजे पृथ्वीचं फिरणं. त्यासाठी फिरतं पाणी लागतं. कुंभाराचं चाक हाताने गती देऊन चालतं, त्याचा वेग टिकत नाही. मोटारीचा, सावकाश आणि सारख्या गतीने फिरणारा पाट मिळाला तर उत्तम. त्यावर मधोमध गोल पारदर्शक डबा ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं काही करू नका. सगळं पाणी डब्याबरोबर एकजीव फिरू लागलं की शाईचा थेंब सोडा. स्थिर पाण्यात शाई ढगासारखी पसरली असती. इथे तिचे उभे पातळ पडदे होतात. फिरतं पाणी उभ्या दिशेने ताठ होतं. पाटावरच मोबाइल बांधला तर फिरणाऱ्या माणसाला दिसतं तसं हे दिसतं, आणि समुद्रातले शेकडो किलोमीटरचे भोवरे आपला आकार का टिकवून धरतात याची पहिली खूण पटते.

इथे एक गैरसमज लगेच काढावा. बेसिनमधलं पाणी उत्तर गोलार्धात एका दिशेने आणि दक्षिणेत दुसऱ्या दिशेने फिरत जातं, असं सांगितलं जातं. बेसिनमधल्या पाण्याला पृथ्वीच्या फिरण्याचा पत्ता लागायला वेळच नसतो. भांड्याचा आकार आणि ओतताना बसलेला हिसका त्याची दिशा ठरवतो. पैठणचा अक्षांश साधारण साडेएकोणीस अंश उत्तर. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ज्याच्या झुलण्याची दिशा सावकाश वळत जाते तो फुकोचा लंबक इथे टांगला, तर ती दिशा एक पूर्ण फेरी करायला जवळजवळ ७२ तास, तीन दिवस, घेईल. जी हालचाल दिवसभर आणि त्याहून जास्त टिकते, तिलाच या फिरण्याची दखल घ्यावी लागते. नाथसागराच्या साडेतीन तासांच्या हेलकाव्याला ती फारशी घ्यावी लागत नाही. पावसाळाभर एकाच दिशेने वाहणाऱ्या वाऱ्याखालच्या अरबी समुद्राला ती घ्यावीच लागते, आणि म्हणून केरळपासून गोव्यापर्यंत किनाऱ्यालगत खालचं थंड, कमी प्राणवायूचं पाणी वर येतं.

वाऱ्याचा परिणाम मात्र नाथसागर स्वतःच दाखवतो. धरण जलाशयाच्या पूर्व टोकाला आहे आणि जूनपासून वारा पश्चिमेकडून. वारा पाण्याला धरणाकडे लोटतो आणि पातळी तिकडे चढते. किती चढेल, हे खोलीवर ठरतं: खोली निम्मी तर चढ दुप्पट. खोल सरोवरात हा फरक हाताला लागत नाही. आठ मीटरच्या जलाशयावर ताशी ३६ किलोमीटरचा वारा लांबीच्या दिशेने काही तास सारखा वाहिला, तर दोन टोकांच्या पातळीत १० सेंटिमीटरच्या आसपास फरक यावा, असं गणित सांगतं. १९ नोव्हेंबर १९७७ ला कृष्णेच्या मुखाजवळ दिवीसीमावर समुद्र चढून आला आणि हजारो माणसं गेली. त्यामागे हाच नियम होता. वारा अनेक पटींनी जोराचा होता आणि किनाऱ्यालगतचा समुद्र उथळ होता.

हे १० सेंटिमीटर पैठणच्या मुलांनी मोजावेत. धरणाजवळ एक आणि वरच्या अंगाला, नेवासे किंवा गंगापूर तालुक्याच्या बाजूला दुसरी, अशा दोन शाळांनी मिळून. जलसंपदा आणि वन विभागाची परवानगी घ्यावी लागेल, कारण धरणाचा परिसर संरक्षित आहे आणि जलाशय पक्षी अभयारण्य आहे. पाण्यात कोणी उतरायचं नाही. खांब रोवायचं काम होडीवाल्यांवर आणि लाइफ जॅकेट घातलेल्या मोठ्या माणसांवर सोपवावं. दोन्ही ठिकाणांची समुद्रसपाटीपासूनची उंची जुळवायची गरज नाही. वारा पडलेल्या पहाटे दोन्ही खांबांवर शून्याची खूण करायची आणि त्यानंतरचा फरक लिहायचा.

खरी अडचण लाटांची. वाऱ्याच्या दिवशी पाणी क्षणाक्षणाला वीतभर खाली-वर होतं, त्यात १० सेंटिमीटर कसे वाचायचे? त्यासाठी चार इंची पीव्हीसी पाइप उभा रोवायचा, खालचं तोंड बंद करायचं आणि बुडालेल्या भागात पाइपच्या व्यासाच्या दहाव्या भागाएवढं एकच भोक पाडायचं. लाट येऊन जाते तेवढ्यात भोकातून फारसं पाणी आत शिरत नाही. तासाभरात चढणारी पातळी मात्र आत पोचते. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीची नोंद ठेवली गेली, ती अशाच शांत विहिरीच्या तत्त्वावर. पाइपमध्ये थर्माकोलचा तरंगा आणि त्यावर खुणा केलेली हलकी काडी ठेवली की वरून वाचता येतं. दर दहा मिनिटांनी एक आकडा, वेळेसह, दोन्ही टोकांना. वारा अचानक पडला तरी नोंद थांबवू नये. उलट तेव्हाच ती महत्त्वाची, कारण चढलेलं पाणी परत जाताना हेलकावेल. हेलकावा साडेतीन तासांचा असेल, तर दहा मिनिटांच्या नोंदीत त्याचे वीसएक बिंदू मिळतात आणि आलेखावर तो ओळखता येतो. एका टोकाला चढ असताना दुसऱ्या टोकाला उतार दिसला पाहिजे. दोन्हीकडे एकदमच चढ दिसला, तर धरणातून सोडलेलं पाणी आणि वरून आलेली आवक यांचे त्या दिवसाचे क्यूसेकचे आकडे मागवून आधी तो हिशोब वजा करावा.